जनावर बुजलं तर गाडी थांबवावी

शिकाऊ परवान्याच्या, म्हणजे आपण बोलीत ज्याला कच्चं लायसन्स म्हणतो त्याच्या परीक्षेसाठी जे नमुन्याचे प्रश्न आहेत, त्यांत एक प्रश्न मोठा गमतीचा आहे. जनावर घेऊन जाणाऱ्या माणसाला, आपलं जनावर आवरणार नाही अशी भीती वाटली आणि त्यानं तुम्हाला गाडी थांबवायची विनंती केली, तर तुम्ही काय कराल? खाली तीन पर्याय असतात. गाडी थांबवाल, हॉर्न वाजवून पुढे जाल, की वेग कमी करून पुढे जाल? अठरा वर्षांचा मुलगा पहिल्या पर्यायावर खूण करतो आणि पुढच्या प्रश्नाकडे वळतो. बैलगाडी त्यानं पाहिलेली असते ती बहुधा कुणाच्या तरी लग्नाच्या वरातीत.

हा प्रश्न तिथे आला कुठून? कुणा अधिकाऱ्याची ही लहर नव्हे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात १३२ वं कलम आहे, त्यात हे कर्तव्य सांगितलंय. त्याच्या आधीच्या १९३९ च्या कायद्यात ते होतं आणि त्याच्याही आधीच्या १९१४ च्या कायद्यात होतं. तिथूनही मागे गेलो तर आपण थेट विलायतेत पोचतो. १८९६ साली इंग्लंडमध्ये मोटारींसाठी जे नियम झाले, त्यांत लिहिलं होतं की बुजऱ्या घोड्याच्या मालकानं नुसता हात वर केला तरी मोटार थांबली पाहिजे. तेव्हा रस्ता घोड्याचा होता आणि मोटार ही पाहुणी होती. घोडे गेले, टांगे गेले, कायदे तीनदा नवे झाले, पण हात वर करणारा तो माणूस अजून परीक्षेच्या पेपरात उभा आहे.

मला या पेपराची गोडी लागली ती अशी. वाहनचालकाची परीक्षा म्हटलं की आपल्याला आरटीओ, दलाल, मैदानात काढायचा इंग्रजी आठचा आकडा एवढंच आठवतं. पण हा पेपर नीट वाचला तर तो एखाद्या जुन्या वाड्याच्या भिंतीसारखा आहे. एका पिढीनं लावलेला चुना, त्यावर दुसरीचा रंग, त्यावर तिसरीचा. आधीचं खरवडून काढायचे कष्ट कुणी घेतलेले नाहीत.

जगातला पहिला वाहन परवाना म्हणून ज्याचा उल्लेख होतो, तो परीक्षेचा नव्हताच. १८८८ च्या ऑगस्टमध्ये जर्मनीतल्या बाडेन राज्याच्या अधिकाऱ्यांनी कार्ल बेन्झ यांना आपली तीनचाकी मोटार मॅनहाइम आणि आसपासच्या गावांत चालवायला लेखी परवानगी दिली. लोक आवाजाबद्दल आणि वासाबद्दल कुरकुरत होते, तेव्हा हातात सरकारी कागद असलेला बरा, एवढाच त्यामागचा विचार. त्याच महिन्यात त्यांच्या पत्नी बर्था बेन्झ नवऱ्याला न सांगता दोन मुलांना घेऊन त्याच मोटारीनं मॅनहाइमहून फोर्झहाइमला गेल्या. वाटेत इंधन संपलं तेव्हा त्यांनी ते औषधाच्या दुकानातून विकत घेतलं. नवऱ्याच्या परवान्यात फोर्झहाइमचं नाव नव्हतं. म्हणजे जगातला पहिला लांबचा मोटारप्रवास परवान्याच्या हद्दीबाहेरचा होता, असं म्हणायला हरकत नाही!

माणसाची परीक्षा घ्यावी ही कल्पना फ्रान्सची. १८९३ मध्ये पॅरिसच्या पोलीस खात्यानं हुकूम काढला की मोटार चालवणाऱ्याजवळ पात्रतेचा दाखला हवा. परीक्षा कोण घेणार? खाण खात्याचे इंजिनिअर. मोटार आणि खाणीचा काय संबंध, असं तुम्ही विचाराल. तर त्या काळी वाफेचे बॉयलर तपासण्याचं काम याच इंजिनिअरांकडे होतं आणि रस्त्यावरच्या बऱ्याच मोटारी वाफेवरच चालत. बॉयलर फुटणार नाही ना, ही चिंता मोठी होती. तेव्हा पहिल्या परीक्षेत प्रश्न होता तो, तुला यंत्र कळतं का? रस्त्यावरची दुसरी माणसं कळतात का, हा प्रश्न पुष्कळ नंतर आला.

ज्यांच्याकडून आपण कायदा घेतला त्या इंग्रजांचं वागणं आणखी वेगळं. १९०३ च्या त्यांच्या कायद्यानं परवाना सक्तीचा केला, पण परीक्षा ठेवली नाही. स्थानिक कौन्सिलच्या कचेरीत जाऊन पाच शिलिंग भरायचे, कागद घ्यायचा आणि घरी यायचं. मोटार बाळगणारी माणसं वजनदार होती. अशा सभ्य गृहस्थाची परीक्षा घ्यायची म्हणजे त्याचा अपमान! हा सभ्यपणा तीस वर्षं चालला. १९३० मध्ये तर मोटारींवरची वेगमर्यादाच काढून टाकली. १९३१ मध्ये ‘हायवे कोड’ नावाची रस्त्याच्या नियमांची पुस्तिका एका पेनीला विकायला काढली, पण ती वाचलीच पाहिजे अशी सक्ती नव्हती. १९३४ साली ब्रिटनच्या रस्त्यांवर ७,३४३ माणसं मेली. वाहनं होती साधारण चोवीस लाख. आता सरकारचे डोळे उघडले. वस्तीत ताशी तीस मैलांची मर्यादा आली आणि १ जून १९३५ पासून नव्या चालकांना परीक्षा सक्तीची झाली. शिकाऊ गाडीवर पुढे-मागे लावायची लाल ‘एल’ची पाटी तिथलीच, त्याच वर्षीची.

पण या परीक्षेतही लेखी पेपर नव्हता. गाडी चालवून झाली की परीक्षक चार-दोन प्रश्न तोंडी विचारत असे. ब्रिटनमध्ये वेगळा लेखी पेपर सुरू झाला तो थेट १९९६ साली. आपल्याकडे शिकाऊ परवान्याआधी प्राथमिक परीक्षा घेण्याची तरतूद १९८८ च्या कायद्यात आणि १९८९ च्या नियमांत आहे. या बाबतीत चेला गुरूच्या पुढे गेला, निदान कागदावर तरी.

आता आपल्या घरच्या गोष्टीकडे येऊ. आपल्याकडे सुरुवातीला प्रांतांचे वेगवेगळे कायदे होते. मग १९१४ मध्ये सगळ्या हिंदुस्थानासाठी एक छोटासा कायदा झाला. अठरा वर्षांखालच्यानं मोटार चालवू नये आणि परवान्याशिवाय कुणीच चालवू नये, ही दोन कलमं त्यात होती. चालकाला पारखायचं कसं, ते प्रांतांच्या नियमांवर सोडलं होतं. मोटारी होत्या साहेबांकडे, संस्थानिकांकडे, मुंबईच्या धनिकांकडे. त्या चालवायला पगारी शोफर असत. पुढे बस आल्या, लॉऱ्या आल्या, आणि गाडी चालवणं हा पोटापाण्याचा धंदा झाला. १ जुलै १९३९ पासून नवा कायदा अमलात आला. त्याच्या एका परिशिष्टात परीक्षेचा तपशील आहे. इंजिन चालू करून दाखवायचं, उजवं-डावं वळण घ्यायचं, मागे घ्यायची, हातानं खुणा करून दाखवायच्या, आणि रस्त्याचे नियम व पाट्या ठाऊक आहेत असं परीक्षकाला पटवायचं. हातानं करून दाखवायचं, तोंडानं सांगायचं. लिहिता-वाचता येणं गरजेचं नव्हतं.

हे फार महत्त्वाचं आहे, कारण या देशातले ड्रायव्हर घडले ते शाळेत नाहीत, मोटार ट्रेनिंग स्कूलमध्येही नाहीत. ते घडले क्लिनरच्या जागेवर. चौदा-पंधरा वर्षांचा पोरगा उस्तादाबरोबर ट्रकवर लागायचा. पहाटे काच पुसायची, रेडिएटरमध्ये पाणी भरायचं, टायरवर टॉमी मारून आवाजावरून हवा ओळखायची, ट्रक मागे घेताना पाठीमागे उभं राहून पत्र्यावर थाप मारत ‘येऊ दे, येऊ दे’ ओरडायचं. स्वयंपाकही त्यानंच करायचा. असं चार-पाच वर्षं झाली की एखाद्या रात्री मोकळ्या रस्त्यावर उस्ताद म्हणायचा, ‘बस इकडं.’ हीच त्याची प्रवेशपरीक्षा. घाटात उतरताना गाडी कुठल्या गिअरमध्ये ठेवायची, समोरच्या ट्रकच्या दिव्यांची उघडझाप म्हणजे ‘ये’ की ‘थांब’, हे त्याला कुठल्याही पुस्तकाशिवाय कळायचं. हे सगळं चांगलंच होतं असं मी म्हणत नाही. त्यात मारही होता, व्यसनंही होती, आणि वय तर बहुतेकदा कायद्यात बसत नसे. पण ती एक विद्या होती आणि तिचा पेपर नव्हता.

आपल्या कायद्यानंही या क्लिनरला ओळखलेलं आहे. १९८८ च्या कायद्याचं १३१ वं कलम पाहा. बिनफाटकाचं रेल्वे क्रॉसिंग आलं की चालकानं गाडी थांबवावी, गाडीतल्या कंडक्टरनं, क्लिनरनं किंवा दुसऱ्या कुणी पायी पुढे जाऊन दोन्ही बाजूंना आगगाडी येत नाही ना हे बघावं, आणि मग गाडी पलीकडे न्यावी. असं कुणी गाडीत नसेल तर चालकानं स्वतः उतरावं. मला हे कलम वाचताना दरवेळी १८६५ चा इंग्लंडमधला तो प्रसिद्ध कायदा आठवतो. स्वयंचलित वाहनापुढे साठ यार्डांवर लाल निशाण घेऊन माणूस चालला पाहिजे, असा तो कायदा. त्याची आजवर भरपूर टिंगल झालेली आहे. पण आपला क्लिनर रुळांवर उभा राहून हात हलवतो, तो त्याचाच नातू म्हणायचा.

हाच नियम परीक्षेतही प्रश्न म्हणून आहे आणि तो पाठ करणाऱ्यांना तो हास्यास्पद वाटतो. गाडीतून उतरून रुळापर्यंत चालत कोण जातं? २६ एप्रिल २०१८ ला उत्तर प्रदेशात कुशीनगरजवळ अशाच बिनफाटकाच्या क्रॉसिंगवर शाळेच्या व्हॅनला रेल्वेची धडक बसली आणि १३ मुलं गेली. त्यानंतर रेल्वेनं मोहीम जोरात हाती घेतली आणि ब्रॉडगेजवरची बिनफाटकाची क्रॉसिंग जानेवारी २०१९ अखेर संपवली. कुठे फाटक बसवलं, कुठे भुयारी रस्ता केला, कुठे क्रॉसिंगच बंद केलं. प्रश्न मात्र नमुन्याच्या यादीत राहिला. मघाच्या घोड्यासारखाच. फरक इतकाच की घोडा आपोआप गेला, आणि या क्रॉसिंगला घालवायला तेरा मुलांची किंमत पडली.

आता पाट्यांविषयी थोडं. पेपरातले बरेच प्रश्न रस्त्यावरच्या चिन्हांवर असतात. गोल पाटी म्हणजे हुकूम, त्रिकोणी म्हणजे सावधगिरी, चौकोनी म्हणजे माहिती. या चिन्हांवर अक्षरं का नसतात? १९०९ मध्ये पॅरिसला युरोपातल्या देशांचा मोटारींबद्दल करार झाला. मोटारवाले एका देशातून दुसऱ्या देशात जाऊ लागले होते. फ्रेंच माणसाला जर्मन पाटी वाचता येईना, जर्मनाला इटालियन. म्हणून चार धोक्यांसाठी चार चित्रं ठरवली: खड्डा-उंचवटा, वळण, चौक आणि रेल्वे क्रॉसिंग. आजची शेकडो चिन्हं याच चारांची लेकरं आहेत. पुढे १९६८ चा व्हिएन्ना करार झाला आणि भारत त्यात १९८० मध्ये सामील झाला. सांगायचा मुद्दा असा की रस्त्याची भाषा मुळात तयार झाली ती ज्याला समोरची लिपी वाचता येत नाही त्याच्यासाठी. मग तो लिपी न येणारा जर्मन सरदार असो नाहीतर आपला मेवातचा ट्रकवाला.

मेवातचं नाव उगाच घेतलं नाही. २००७ मध्ये केंद्राच्या नियमांत एक अट आली. प्रवासी किंवा मालवाहतुकीचं वाहन चालवायचा परवाना हवा असेल तर आठवी पास हवं. हेतू वाईट नव्हता. पण क्लिनरच्या जागेवरून वर आलेल्या हजारो पोरांपुढे अचानक एक भिंत उभी राहिली. चालवता येतं, गाडी दुरुस्त करता येते, आठवीचा दाखला नाही. अशा वेळी काय होतं ते आपल्याला ठाऊक आहे. दाखले ‘तयार’ होतात. मे २०१९ मध्ये राजस्थान उच्च न्यायालयानं तर याच्याही पुढे जाऊन म्हटलं की ज्याला वाचता येत नाही त्याला हलक्या वाहनाचाही परवाना देऊ नये, कारण तो सूचना वाचू शकत नाही आणि पायी चालणाऱ्यांना त्याच्यापासून धोका आहे. आणि पुढच्याच महिन्यात केंद्रानं जाहीर केलं की आठवीची अट काढून टाकणार. मेवातमधल्या लोकांचा चरितार्थ ड्रायव्हिंगवर चालतो, त्यांच्याकडे कसब आहे पण शाळेचा कागद नाही, असं हरियाणा सरकारनं केंद्राला कळवलं होतं. त्याच वर्षी अट गेली.

महिनाभराच्या अंतरानं एकाच देशात दोन उलट मतं. मी या वादात कुणाच्या बाजूला आहे? सरळ सांगायचं तर, न्यायालयाची काळजी मला खोटी वाटत नाही. २०२२ मध्ये आपल्या देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली, हा सरकारी आकडा आहे. त्यातली ३२,८२५ पायी चालणारी होती. पाच मृतांमागे जवळजवळ एक. पण ही माणसं ज्यांनी चिरडली ते सगळे निरक्षर होते असं कुठे म्हटलंय? झेब्रा पट्ट्यांवर गाडी आणून उभी करणाऱ्याला त्या पट्ट्यांचा अर्थ वाचता येत नसतो म्हणून तो तसं करत नाही. त्याच्या खिशात पदवी असते पुष्कळदा.

वाचणं आणि कळणं यांतलं हे अंतर मला जवळून बघायला मिळालं ते आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या बाईंमुळे. त्यांनी पोळ्यांबरोबर डबे द्यायला सुरुवात केली होती आणि डबे पोचवायला त्यांना बिनगिअरची स्कूटर घ्यायची होती. शिक्षण चौथीपर्यंत. त्यांचा नवरा टेम्पो चालवतो, तो जुना क्लिनर. त्याला परवाना मिळाला त्याची हकिगत तो सांगतो ती तुमच्या लक्षात आली असेलच, मी सांगत नाही. बाईंनी मात्र ठरवलं होतं की आपण रीतसर पेपर द्यायचा. आरटीओच्या बाहेर मिळतं तसलं प्रश्नोत्तरांचं पातळ पुस्तक त्या घेऊन आल्या आणि म्हणाल्या, ‘काका, रोज पाच प्रश्न वाचून दाखवा.’

पहिल्याच दिवशी गाडी अडली, ती नियमावर नाही, मराठीवर. ‘पादचारी म्हणजे काय हो?’

‘पायी चालणारा.’

‘मग तसं लिहावं की!’

माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुढे ‘रक्षकविहीन’ आलं, ‘एकदिशा मार्ग’ आला, ‘प्रतिबंधित’ आलं. सरकारी मराठी कुठल्याही वळणावर सिग्नल न देता अंगावर येते. शब्द फोडून सांगितला की बाईंचं उत्तर तयार. अरुंद पूल आहे, समोरून दुसरी गाडी पुलावर शिरतेय, तुम्ही काय कराल? वेग वाढवून आधी निघाल, हेडलाइट लावून जाल, की ती गाडी जाईपर्यंत थांबाल? त्या हसून म्हणाल्या, ‘आमच्या गावाला ओढ्यावर एवढासाच पूल. दोन बैलगाड्या आल्या तर एकीनं थांबायचंच, नाहीतर दोन्ही ओढ्यात.’ हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

समोरच्या गाडीला ओलांडून पुढे कधी जावं, या प्रश्नावर नवरा-बायकोत जुंपली. पर्याय तीन. उतारावर, रस्ता पुरेसा रुंद असताना, की पुढचा चालक तशी खूण करील तेव्हा. बाई म्हणाल्या, रस्ता रुंद असताना. नवरा म्हणाला, ‘तिसरं. पुढच्यानं हात दिल्याशिवाय जायचं नाय.’ पुस्तकाच्या मागे उत्तर पाहिलं, तिसरं बरोबर. पुढच्या चालकानं उजवा हात बाहेर काढून मागून पुढे झुलवायचा, ही खूण जुन्या कायद्यातली. उस्तादाकडून ती त्याच्यापर्यंत आली होती. पेपर न देता पास झालेला हा माणूस त्या संध्याकाळी फार खूश होता.

मग अपघाताचा प्रश्न आला. तुमच्या गाडीनं कुणी जखमी झालं तर? गाडी घेऊन पोलीस ठाण्यात जाल, गाडी थांबवून पोलिसांना कळवाल, की जखमीला औषधोपचार मिळवून द्याल आणि चोवीस तासांच्या आत पोलिसांना कळवाल? बाई क्षणभर थांबल्या. ‘दवाखान्यात न्यायचं आधी. पण थांबलं तर लोक मारत्यात, त्याचं काय लिहिलंय?’ पुस्तकात काही लिहिलेलं नव्हतं. कायद्यात मात्र आहे! १३४ व्या कलमात चालकानं जखमीला मदत केलीच पाहिजे असं सांगताना कायदा म्हणतो, जमावाच्या रोषामुळे किंवा आवाक्याबाहेरच्या दुसऱ्या कारणानं ते शक्य नसेल तर गोष्ट वेगळी. आपल्या कायदेमंडळानं आपल्याच लोकांच्या रागाची घेतलेली ही लेखी नोंद आहे. मदत करणाऱ्या तिऱ्हाइताला पोलिसी जाचापासून संरक्षण देणारं कलम तर २०१९ च्या दुरुस्तीत आलं. पेपरात एका ओळीत बसलेल्या उत्तरामागे एवढी मोठी भीती उभी आहे, हे बाईंनी विचारलं नसतं तर माझ्याही ध्यानात आलं नसतं.

पण मला खरा निरुत्तर केला तो पुढच्या प्रश्नानं. जिथे फुटपाथ नाही अशा रस्त्यावर पायी चालणाऱ्यानं कुठल्या बाजूनं चालावं? उत्तर आहे, उजव्या. म्हणजे समोरून येणारी गाडी त्याला दिसते. बाई म्हणाल्या, ‘हे चालणाऱ्याला कोण सांगतं?’

‘म्हणजे?’

‘चालणाऱ्याची कुठं परीक्षा असती? हा पेपर गाडीवाल्याचा. मी आजवर डाव्या बाजूनं चालत आले. मला कुणी सांगितलंच नाही. आता स्कूटर घेणार म्हणून कळलं.’

शंभर वर्षांपूर्वी रस्ता चालणाऱ्याचा आणि जनावराचा होता, गाडीवाल्यानं सांभाळून जायचं होतं. घोडेवाल्यानं हात वर केला की संपलं. आज चालणाऱ्यानं कसं चालावं हा प्रश्न गाडीवाल्याच्या पेपरात आहे, आणि ज्याच्याकडे गाडी नाही त्याच्यापर्यंत तो पोचतच नाही. रस्त्याची मालकी कुणाकडून कुणाकडे गेली याचा इतिहास कुणाला लिहायचा असेल, तर या दोन प्रश्नांपासून सुरुवात करावी.

जून २०२१ पासून महाराष्ट्रात आधारच्या आधारे घरबसल्या शिकाऊ परवान्याची परीक्षा देता येऊ लागली. बाईंनी मात्र कचेरीत जाऊनच द्यायची ठरवली. ‘घरी दिली तर नवऱ्यानं सांगितलं म्हणतील,’ हे त्यांचं कारण. पडद्यावर एकेक प्रश्न येतो, ठरावीक सेकंद मिळतात, पंधरापैकी नऊ बरोबर आले की पास. त्यांना तेरा मिळाले. चुकलेल्या दोनांपैकी एक धुक्याच्या दिव्यांचा होता आणि दुसरा त्यांना आठवत नाही. जनावराचा प्रश्न आला नाही, याची मलाच थोडी चुटपुट लागली.

शिकाऊ परवाना सहा महिने चालतो आणि पक्क्या परवान्याची परीक्षा तीस दिवसांच्या आत देता येत नाही. दरम्यान शिकाऊ माणसानं दुचाकीवर, परवानाधारक शिकवणारा सोडून दुसऱ्या कुणाला मागे बसवायचं नाही. त्यामुळे नवरा मागे बसू लागला. रोज सकाळी डबे घेऊन दोघं निघत. पुढे-मागे लाल ‘एल’ चिकटवलेला. चौकात झेब्रा पट्ट्यांशी शाळेची मुलं उभी असली की बाई स्कूटर थांबवत, आणि मागून नवऱ्याचा आवाज येई, ‘अगं, हॉर्न मार ना, हॉर्न मार!’

‘पहिला पर्याय चुकीचा आहे तो,’ असं त्या पुढेच बघत त्याला सांगत.